तीन किलोमीटरची अट

कागदावर साडेसहा लिहिलं होतं. खरं तर ती नवऱ्याच्या कंपनीतून आलेली मेल. पण बाबांनी मला तिची प्रिंट काढायला लावली आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, म्हणून आमच्या घरी तो कागदच झाला. धाव साडेसहाला, हजेरी त्याआधी अर्धा तास. आम्ही त्याच्याही आधी पोचलो. नोएडातल्या त्या रुंद रस्त्यावर त्या वेळी मी, बाबा, एक झोपलेलं कुत्रं आणि जमिनीवर लोळागोळा होऊन पडलेली कमान, एवढीच मंडळी होतो. कमानीत हवा भरायचा पंप आणायला एक माणूस गेला होता. तो कुठे गेलाय ते कमानीची राखण करणाऱ्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

“मॅडम, इतनी जल्दी?” त्याने मला विचारलं, आणि मला असा राग आला! वेळेवर येणाऱ्या माणसालाच या शहरात ओशाळं का व्हावं लागतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

नवरा आणि मुलगी तेव्हा गाझियाबादला, घरी, पांघरुणात होते. नवरा मूळचा पुण्याचा, पण आता पुरता इकडचा झालाय. आदल्या संध्याकाळीच तो म्हणाला होता, “अगं यार, साडेसहा म्हणजे आठ. आम्ही दोघं सव्वासातला निघू, तुम्हीही चला ना आमच्याबरोबर.” बाबांनी खिशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं साडेसहा लिहिलंय.” मलाही चेव आला. लिहिलंय म्हणजे लिहिलंय, आपण आपली शिस्त का सोडायची, असं म्हणून मी पहाटेची टॅक्सी बोलावली. दिल्लीकडे राहून अशी चूक फक्त मराठी माणूसच करू शकतो. पंजाबी शेजारीण म्हणालीसुद्धा, की तिच्या माहेरच्या लग्नात वरातीआधी मंडपात पोचणारे लोक म्हणजे मंडपवाले आणि मराठी.

ही धाव हौशी होती. जन्मतः हृदयाला भोक असलेल्या गरीब मुलांच्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करायचे, म्हणून कंपन्यांनी आपापली माणसं कुटुंबासकट पळवायची. जिंकणं-हरणं नाही. सगळ्यांना टी-शर्ट, सगळ्यांना मेडल. तरुणांना लांबचे रस्ते आणि कुटुंबांना तीन किलोमीटर. नवऱ्याच्या साहेबांनी सगळ्यांना प्रेमाने सांगितलं होतं की यायची सक्ती अजिबात नाही, फक्त कोण आलं नाही ते लक्षात राहील.

बाकीच्यांची ती रविवारची मजा होती. बाबांची परीक्षा होती. आणि ती घेणारी मी होते.

त्याआधीच्या वर्षी बाबा नागपूरला, स्वतःच्या घरात, न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, गोळा बदलावा लागला. आई त्याच्या कितीतरी आधी गेलेली, मी एकुलती एक. मी त्यांना गाझियाबादला घेऊन आले. वॉकर आला, मग वॉकर जाऊन काठी आली, मग काठीही कोपऱ्यात गेली. काठी कोपऱ्यात गेली त्या दिवसापासून नागपूर सुरू झालं. कॉलनीतल्या विहारात संध्याकाळच्या वंदनेला सतरंज्या कोण घालत असेल. विहाराच्या वाचनालयाची किल्ली भलत्याच माणसाकडे आहे. एप्रिलातली जयंती तोंडावर येईल आणि समितीत सगळे नुसते बोलणारे. पाटबंधारे खात्यातली उभी नोकरी ज्याने कालव्यांच्या कडेने चालत काढली, त्या माणसाला अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून दुसऱ्यांच्या बाल्कन्या बघायला लागत होत्या, हे मला कळत होतं. पण कळून काय करू? तिथे रात्री पडले तर उचलणार कोण?

दिवाळीच्या सुमारास एकदा फार झालं. मी चकलीच्या भाजणीत हात घालून बसलेली आणि बाबा दारात उभे राहून म्हणाले, “मी इथं पाहुणाच राहून राहिलो ना.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “तीन किलोमीटर चालून दाखवा. काठी न घेता, कुठे न बसता, कोणाचा हात न धरता. दाखवा, मी स्वतः तुमचं तिकीट काढते.” तीन हा आकडा मी कुठून काढला ते मलाही माहीत नाही. त्यांना तेव्हा सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन आलं की धाप लागायची. बाबांनी नुसती मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून खालच्या बागेत फेऱ्या घालायला लागले.

आणि मग नवरा ही मेल घेऊन आला. तीन किलोमीटर! बाबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. “हे बरं झालं,” म्हणाले. “मोजलेला रस्ता आहे. नंतर वाद नको.”

वाद नको म्हणे. मला वाद हवा होता. घरात मुलगी माझ्याशी हिंदीत बोलते, मी मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देते. नवऱ्याच्या बोलण्यात अर्धं ऑफिस असतं. सकाळी चहाच्या कपावरून पेपरातल्या बातमीवर तासभर तावातावाने मराठीत भांडायला माझ्या वाट्याला एक बाबाच उरले होते. ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं. पायाचं कारण खरं होतं, पण ते एकच कारण नव्हतं.

साडेसहा वाजले. पंप आला. कमान उभी राहिली आणि कमरेत वाकली. पुन्हा उभी राहिली. मंचासमोर कोणी खुर्च्या मांडून त्यांना पांढरी आवरणं घालत होतं.

“बाबा, तिथं बसा थोडं.”

“त्या पाहुण्यांच्या आहेत.”

“पाहुणे आलेत कुठे?”

“म्हणूनच नाही बसायचं.”

आणि ते जाऊन कमानीखाली, रस्त्यावर मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यामागे उभे राहिले. त्यांच्या मागे मी. ही आमची लाइन. दोन माणसांची. मी सांगितलं की बाबा, इकडे अशी लाइन नसते, इकडे कोपरं असतात. ते म्हणाले, “लाइन सोडली की नंबर गेला.” निदान फुटपाथच्या कडेला टेका म्हटलं, तर म्हणाले, “बसलं की उठताना कोणाचा तरी हात लागतो.” यावर मी काय बोलणार? अट माझीच.

सात वाजले. सूर्य आहे असं ऐकून होतो, पण दिसत नव्हता. समोरच्या टॉवरचे वरचे मजले धुरकटात गेले होते आणि घशात ती नेहमीची खवखव सुरू झाली होती. लहान मुलांच्या हृदयासाठी आम्ही मोठ्यांनी आपापली छाती त्या हवेत भरून घ्यायची होती. मी थर्मासमधला चहा बाबांना दिला. तो त्यांनी उभ्यानेच प्यायला. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. नवीन बूट मी मॉलमध्ये तीन दुकानं फिरून, विक्रेत्याचा जीव खाऊन घेतले होते. गादीचा तळ, रुंद टाच, घसरणार नाहीत असे. पण बूट किती केलं तरी पायांनाच धरून उभे राहणार. गेला अर्धा तास वजन एका पायावरून दुसऱ्यावर जात होतं. चालायचे पाय उभे राहण्यातच संपत होते, आणि मला दोन्हीचा राग येत होता. पाय थकताहेत याचा, आणि थकले तर माझंच काम होईल हे मनात आलं त्याचाही.

नवऱ्याला फोन केला. “अभी निकल रहे हैं,” मुलीने उचलून सांगितलं. मागे मिक्सरचा आवाज येत होता.

साडेसातला गर्दी यायला लागली आणि मंचावर नारिंगी जाकिटातला एक तरुण चढला. “दिल्ली! जोश की कमी लग रही है!” तो ओरडला. आम्ही उत्तर प्रदेशात उभे होतो, पण कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मग झुंबा. स्पीकर आमच्या अगदी शेजारी, कारण लाइन सोडायची नव्हती. एक उत्साही मुलगी पुढे येऊन बाबांना म्हणाली, “अंकल जी, थोड़े हाथ तो उठाइए!” बाबांनी एक हात उचलला, वर्गात हजेरी देतात तसा, आणि खाली घेतला. ती टाळ्या वाजवून निघून गेली.

पावणेआठला नवरा आणि मुलगी आले. अंघोळ करून, खाऊन, ताजेतवाने. नवऱ्याच्या हातात ब्रेड पकोड्याची पुडी होती. “देखा?” मुलगी म्हणाली, “अभी तो शुरू भी नहीं हुआ. मम्मी, आप लोग कब से खड़े हो?” मी मराठीत सांगितलं की कधीपासून. नवऱ्याने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?” त्याच्या ऑफिसचे लोक आजूबाजूला होते म्हणून मी गप्प बसले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला एवढं तरी कळावं, की बरोबर असणं आणि ते बोलून दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रमुख पाहुणे सव्वाआठनंतर आले. पुष्पगुच्छ झाले. भर रस्त्यात, वाऱ्यात, समई लावायचा कार्यक्रम झाला. काड्यापेटी संपत आली तेव्हा कोणीतरी लायटर दिला. पाहुण्यांनी रोज सकाळी लवकर उठण्याचं महत्त्व सांगितलं. मग झेंडी दाखवली, फुगे सोडले आणि ते गाडीत बसून गेले. निवेदकाने ओरडून सांगितलं की पोलिसांनी रस्ता नऊपर्यंतच दिलाय, तेव्हा सगळ्यांनी जरा फुर्ती दिखाइए.

आमच्या लाइनचं काय झालं? दोन्ही बाजूंच्या फुटपाथवरून माणसं उतरली आणि आमच्या पुढून पसार झाली. एवढा वेळ पहिल्या नंबरावर उभे असलेले बाबा क्षणात शेवटच्यांत गेले. कोणाचा तरी धक्का लागला, मी हात पुढे केला, तर त्यांनी आपला हात मागे घेतला. “हात नको,” म्हणाले.

नवरा आमच्याबरोबर पन्नासेक पावलं आला. मग साहेबांनी त्याला बॅनर धरायला बोलावलं. “बस, दो मिनट,” म्हणून गेला तो एकदम शेवटी भेटला. मुलगी थोडा वेळ मोबाइलवर आजोबांचं चित्रीकरण करत उलटी चालत होती. “नानू, स्माइल! नानू, आप बहुत स्लो हो यार.” आजोबा म्हण, असं मी तिला लहानपणापासून सांगते. मग तिला शाळेची मैत्रीण दिसली आणि तीही गेली. कुटुंबांसाठीची धाव होती, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

राहिलो आम्ही दोघं. बाबा चांगले चालत होते. अंग किंचित एका बाजूला कललेलं, नजर पुढच्या दोन-चार हातांवर, पाऊल छोटं पण एकसारखं. मी लहान असताना सुटीत त्यांच्याबरोबर कालव्यावर जायचे, तेव्हा असेच चालायचे आणि मी मागे राहून रडायचे. आता मी शेजारून चालत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता. हळू. पाणी घ्या. पुढे गतिरोधक आहे. इकडून नका, तिकडून चला. शेवटी ते म्हणाले, “काहून इतकी बोलून राहिली? माझा दम तू घालवते.”

मग बोलले नाही. पण मनातल्या मनात चालूच. सेल्फीच्या चौकटीपाशी अख्खी कुटुंबं रस्ता अडवून उभी होती. पाण्याच्या टेबलावर पाणी नव्हतं, नुसते कप होते. लाल हृदयाचा पोशाख घातलेला एक माणूस दुभाजकावर बसून, हृदयातून तोंड बाहेर काढून विडी ओढत होता. अर्ध्या वाटेवर वळायचं होतं, तिथे प्लास्टिकचा नारिंगी शंकू ठेवला होता. बहुतेक सगळे त्याच्या बऱ्याच अलीकडून दुभाजक ओलांडून परत फिरत होते. मीही म्हटलं, “बाबा, इथून वळू या का?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मोजमापाच्या वहीत खाडाखोड करा म्हटलं होतं. ते शंकूपर्यंत गेले, त्याला पूर्ण वळसा घातला आणि परत निघाले. आमच्या मागे आता कोणी नव्हतं.

आणि तिथे माझ्या डाव्या बुटाचा तळ निघाला.

बाबांच्या बुटांसाठी मी तीन दुकानं पालथी घातली आणि स्वतः माळ्यावरच्या खोक्यातले जुने बूट घातले. कधीतरी जिमला जाईन म्हणून घेतलेले, जवळजवळ कोरे. वरून छान दिसत होते. आत गोंद वाळून गेला होता. आधी फटक फटक आवाज यायला लागला, मग तळ पुढून जिभेसारखा लोंबायला लागला, आणि पुढच्याच गतिरोधकावर तो दुमडून माझ्या पायाखाली आला. पाय मुरगळला आणि मी रस्त्यावर बसले. बसले म्हणजे आपटलेच. डोळ्यांसमोर काजवे चमकले. बाबा थांबले, पण वाकले नाहीत. वाकता येत नव्हतं.

मागून शेवटच्या लोकांना गोळा करणारी ई-रिक्षा आली. तिच्यातल्या कॉलेजच्या मुलीने उडी मारून मला उठवलं आणि आत बसवलं. “अंकल जी, आप भी आ जाइए, बहुत जगह है. रोड खुलने वाला है.”

जागा खरंच होती. माझ्या शेजारची अख्खी सीट. बाबांचे ओठ कोरडे पडले होते आणि शर्टाची पाठ भिजली होती, त्या थंडीत. मी म्हटलं, “बसा बाबा. कोणी बघत नाही. खड्ड्यात गेली ती अट.”

बाबांनी रिक्षाच्या दांड्याकडे हात नेला, पण धरला नाही. विचारलं, “मग तिकीट काढशील?”

मला हो म्हणता आलं असतं. एक शब्द होता. त्या मुलीला मराठी येत नव्हतं, रिक्षावाल्याला येत नव्हतं, त्या अख्ख्या रस्त्यावर ते माझं हो कोणाला कळलंही नसतं. मी बुटाचा लोंबता तळ हातात धरून बसले होते आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

बाबांनी वाट बघितली. मग म्हणाले, “थांबलो तर पाय आखडतो. तू ये मागून.” आणि चालायला लागले.

आम्ही मागून गेलो. तो उरलेला रस्ता मी बाबांची पाठ बघत रिक्षात बसून काढला. रिक्षावाला कुरकुरत होता की इतक्या हळू चालवलं तर बॅटरी जाते. ती कॉलेजची मुलगी दर थोड्या वेळाने म्हणत होती, “अंकल बहुत क्यूट हैं.” मध्येच पोलिसांनी अडथळे बाजूला केले आणि गाड्या सुटल्या. एका मोटारवाल्याने बाबांच्या मागे येऊन लांबलचक हॉर्न दिला. मी रिक्षातून तोंड बाहेर काढून त्याला अशा शिव्या दिल्या की ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. हिंदीत शिव्या चांगल्या येतात मला. बाबा हॉर्नकडे न बघता रस्त्याच्या कडेला सरकले आणि तसेच, त्याच पावलाने, चालत राहिले. मी मनात म्हणत होते, बसा, कुठेतरी बसा, आता तरी बसा. आणि त्याच वेळी त्यांचा पाय जरा अडखळला की माझा जीव वर येत होता. दोन्ही खरं होतं. कोणतं जास्त खरं ते मला आजही सांगता येत नाही.

शेवटी कमान दिसली तेव्हा ती खाली येत होती. हवा काढून चार माणसं तिच्यावर लोळत होती. मंच निम्मा उतरवलेला. उरलेली मेडलं वाटून संपवायची म्हणून समोर येईल त्याच्या गळ्यात घालत होते. चहाच्या टपरीवाल्याच्या गळ्यात होतं, सकाळी फिरायला आलेल्या काकांच्या गळ्यात होतं, पहाटेच्या त्या कुत्र्याच्याही गळ्यात होतं. एक जण मेडल घेऊन बाबांसमोर आला. “मुबारक हो अंकल, हो गया, हो गया.” बाबांनी हातानेच त्याला थांबवलं.

“लाइन कहाँ है?”

पांढऱ्या पट्ट्यावर कमानीचं कापड पसरलं होतं. त्या माणसाने हवेत हात फिरवला. “बस, यहीं कहीं थी.”

यहीं कहीं. हे शब्द बाबांना कोणी म्हणायला नको होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला असं माप लिहू दिलं नसेल. त्यांनी कमानीकडे बघितलं, मागे रस्त्याकडे बघितलं, आणि चालायला लागले. कमान ओलांडून गेले. मंच ओलांडून गेले. मी म्हटलं थांबतील आता. नाही. टेम्पोत खुर्च्या भरत होते, त्याच्याही पुढे गेले. मुलगी कुठूनशी धावत आली, “नानू, कहाँ जा रहे हो? खतम हो गया!” ते तिच्याही पुढे गेले आणि थेट पार्किंगच्या फाटकाला हात लावून मगच थांबले, नंतर वाद नको म्हणून. परत फिरून आले तेव्हा मला शोधत आले.

टेम्पोत जायची राहिलेली एक खुर्ची होती, पांढऱ्या आवरणाची. बाबा त्या खुर्चीवर, पाहुण्यांच्या खुर्चीवर, एकदाचे बसले. मला समोर रिक्षाच्या पायरीवर बसवलं आणि माझा डावा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. घोटा सुजून टम्म झाला होता. अंगठ्याने दाबून बघितलं.

“दुखते?”

“दुखतंय.”

“मोडलं नाही. मोडलेलं मला समजते.” थोडा वेळ ते घोट्यावरून हात फिरवत राहिले. वाटलं, आता तिकिटाचं काढतील. मी तोंडात उत्तरंही तयार ठेवली होती, उन्हाळ्याची, डॉक्टरांच्या तपासणीची, मुलीच्या परीक्षेची. ते म्हणाले, “तुझा पाय बरा होईस्तोवर आहे मी.”

तेवढ्यात नवरा बॅनरची गुंडाळी काखेत मारून आला आणि म्हणाला, “अरे, तुम्ही लोक होतात कुठे? ग्रुप फोटो मिस झाला ना यार.”

डॉक्टरांनी पट्टी बांधली, चार-पाच दिवस जपा म्हणाले. बाबांनी घर हातात घेतलं. सकाळचा चहा ते करत, भाजी तेच निवडत, आणि मी सोफ्यावर पाय वर करून त्यांच्याशी पेपरवरून भांडत असे. दुपारी मुलगी शाळेतून आली की तिला मराठीतून बर्फाची पिशवी मागत, आणि ती आणूनही देई. मला फार बरं वाटत होतं. घोटाही मेला भराभर उतरत होता. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या आतच तो साफ बरा झाला. मी ते कोणाला सांगितलं नाही. पट्टी बांधून लंगडत राहिले. स्वयंपाकघरापर्यंत लंगडत जाई, बाल्कनीपर्यंत लंगडत जाई. पुढच्या आठवड्यातही लंगडले, त्याच्याही पुढच्या आठवड्यात थोडं.

एका सकाळी मी बाबांचा चहा घेऊन बाहेर आले. पट्टी धुवायला काढली होती. बाबा पेपर वाचत होते. मी कप ठेवला आणि लंगडत परत वळले.

“ऐक,” बाबा म्हणाले. पेपरातून मान वर केली नाही. “काल डावा होता.”

मी जागच्या जागी उभी राहिले. खाली बघितलं. खरंच, सगळा भार डाव्या पायावर होता आणि उजवा मी उचलून धरला होता.

बाबांनी पेपरचं पान उलटलं. मला इतका संताप आला, त्यांचा की माझा की त्या मेल्या धावेचा, कोण जाणे. मी तरातरा चालत आत गेले, दोन्ही पायांनी, आणि फोन घेऊन पलंगावर बसले. नागपूरच्या गाडीचं तिकीट एरवी किती आधी काढा, मिळत नाही. वेटिंग येतं, पैसे अडकतात, शेवटी कोणाची तरी ओळख काढावी लागते. त्या दिवशी पहिल्या फटक्यात मिळालं. तेही खालचा बर्थ.